कडी लावलेला रुपया

मांडवीच्या बंदरावर आगबोटीची तिकिटं विकणाऱ्या रावजी भाटकर मास्तरांचं एक मत होतं, आणि ते त्यांनी चोवीस वर्षांच्या नोकरीत सोडलं नाही. माणसांना पैसे मिळवता येतात, लपवता येतात, उडवताही येतात. देता मात्र येत नाहीत. हे ते घरी बायकोला ऐकवत, देवळात पुजाऱ्याला ऐकवत, आणि हजामापुढे मान वाकवून बसले असतानाही ऐकवत. हजाम मुकाट ऐकून घेई, कारण त्याची मजुरी मास्तर त्याच्या तळहातावर एकेक पैसा ठेवत, आकडा मोठ्याने म्हणत चुकती करत.

तिकीट हाफिस म्हणजे समुद्राकडे तोंड केलेली जांभ्याची एक कौलारू खोली. तिला हातभर उंच खिडकी आणि खिडकीला सागवानी फळी. बोट किनाऱ्याला लागत नसे. ती लांब खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावात, म्हणजे किनाऱ्यावरच्या मोठ्या होडीत, बसून तिच्यापर्यंत जात. तिचा धूर दिसेपर्यंत सगळे वाळूत गठुडी टाकून निवांत विड्या ओढत बसलेले असत. धूर दिसला की सगळ्यांना एकदम आठवे की आपल्याला तिकीट काढायचं आहे. मग दीड तासात दोनशे माणसं त्या एका खिडकीवर तुटून पडत.

आणि पैसे कसे देत? कुणी कनवटीचा रुपया काढी, तो घामाने इतका ओला असे की हातात ठरत नसे. खलाशी आणि मासेवाल्या पाण्यातून येताना नाणी गालात धरत, आणि खिडकीशी आल्यावर तशीच तोंडातून काढून फळीवर ठेवत. खेड्यातल्या बायका पैसे पदराच्या टोकाला बांधून आणत. ती गाठ घरून निघताना अशी आवळलेली असे, की खिडकीशी दात लावल्याशिवाय सुटायची नाही. सोवळ्यातल्या म्हाताऱ्या विटाळ नको म्हणून हातभर वरून पैसे सोडत. पैसे उड्या मारत टेबलाखाली जात आणि मास्तर त्यांच्यामागे गुडघ्यांवर. पान खाणारे नोटेच्या आठ घड्या करून ती चुन्याच्या डबीशेजारी ठेवत. पोराचं अर्धं तिकीट काढायला दहाची नोट पुढे करणारेही होते. मोड घेतली की हेच महाशय एकेक नाणं दगडावर वाजवून बघत, पण त्यांचं नाणं मास्तरांनी वाजवलं की त्यांना अपमान वाटे.

"हातात द्या. टाकू नका. हा माणसाचा हात आहे," असं मास्तर दिवसातून शंभरदा म्हणत. बंदरावरचे हमाल एकमेकांना विडी देतानाही हे वाक्य मास्तरांच्या आवाजात म्हणून दाखवत. मास्तरांना ते माहीत होतं, आणि त्यात हसण्यासारखं काय आहे हे त्यांना कधी कळलं नाही.

फळीच्या डाव्या कडेला खिळ्यांनी ठोकलेली सतरा नाणी होती. खिडकीवर आलेलं प्रत्येक खोटं नाणं मास्तर तिथे ठोकून ठेवत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून. शिशाचे रुपये, पारा चोळलेली अधेली, असला सगळा माल. त्यांतली कोपऱ्यातली तीन नाणी मात्र खोटी नव्हती. ते चांगल्या चांदीचे राणीछाप रुपये होते, पण कुणीतरी ते गळ्यात घालण्यासाठी सोनाराकडून डाग देऊन, म्हणजे झाळून, वर कडी बसवून घेतली होती.

त्या तीन रुपयांची हकीकत मास्तरांना जन्मभर पुरली. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी त्यांनी ते न बघता घेतले. गर्दी होती, रुपये बंद्या गड्डीत आले आणि गड्डीतच मुंबईच्या हाफिसात गेले. महिन्याने परत आले ते चिठ्ठीसकट. भोक पाडलेलं, कातरलेलं किंवा डाग दिलेलं नाणं स्वीकारू नये असा नियम आहे, सबब ही रक्कम आपल्या पगारातून वळती करण्यात येत आहे. पगार अठरा रुपये. त्या महिन्यात घरात रॉकेल आलं नाही आणि यमुनाबाईंनी उजेड आहे तोवर जेवणं उरकून घेतली.  मास्तरांनी ते तीन रुपये फळीला ठोकले आणि मनाशी गाठ बांधली, की पुन्हा असं व्हायचं नाही. गाठ बांधण्यात ते त्या खेड्यातल्या बायकांपेक्षा कमी नव्हते.

सन १९२६चा मे महिना संपत आला होता. वारा फिरला होता, समुद्राला गढूळ रंग आला होता, आणि त्या दिवशीची बोट ही हंगामातली शेवटची होती. त्यानंतर गणपती होईपर्यंत बंदर बंद. मुंबईला जायचं तर मग घाट चढून मोटारीने कोल्हापूर आणि पुढे रेल्वे. ते भाडं ज्यांना परवडे ते मांडवीच्या वाळूत गठुडं घेऊन बसत नसत.

गर्दी नेहमीच्या दुप्पट होती. त्या गर्दीत पावसच्या वरच्या एका वाडीतून आलेली राही नावाची बाई होती, पंचविशीची, आणि तिच्याबरोबर तिचा सासरा बाबल्या. दोघं पहाटे निघून डोंगर उतरून, भाट्याच्या खाडीवर तरीत, म्हणजे पलीकडे नेणाऱ्या होडीत, बसून आली होती. राहीचा नवरा शिवा मुंबईत गिरणीत होता. तो आजारी असल्याचं पत्र आलं होतं. ते वाचून दाखवणाऱ्याने शेवटची ओळ दोनदा वाचली होती, की बायकोला या बोटीने धाडा, उशीर करू नका. जायचं एकटीने होतं, पण बोटीत गावचं कुणी ना कुणी असतंच, त्याची काळजी नव्हती.

राहीची पाळी आली तेव्हा तिने गाठ आधीच सोडून ठेवली होती. मास्तरांच्या हे लक्षात आलं, आणि त्यांना बरंही वाटलं. तिने दोन रुपये त्यांच्या हातावर ठेवले. मग गळ्याशी हात नेला, काळ्या पोतीतून ओढून काढलेला एक रुपया हळूच त्या दोहोंवर ठेवला आणि म्हणाली, "मुंबयचं येक."

मास्तरांनी रुपया उचलला. त्याच्या डोक्यावर चांदीची बारीकशी कडी होती.

"हा चालत नाही."

"खोटा हाय?"

"खोटा नाही. कडी लावलेली आहे. डाग दिलेला रुपया कंपनी घेत नाही."

राहीला समजेना. तिने रुपया हातात घेऊन राणीचा मुखडा त्यांच्याकडे केला. "राणीचाच हाय, मास्तर. आमच्या मानसानं पयल्या पगाराचा आणलान हा."

"असेल. पण चालत नाही. दुसरा दे."

दुसरा नव्हता. बाबल्या मागून पुढे सरकला. त्याने फळीला दोन्ही हात लावले आणि म्हणाला, "मास्तर, पोर माजा तिकडं निजून हाय. रगत पडतंय तेचं. लय दिवस नायत म्हनतात."

आता हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं ते सांगायला हवं. मास्तरांच्या मनात त्या क्षणी काही हललं नाही. खिडकीशी येणाऱ्या प्रत्येकाचं कुणीतरी मुंबईला आजारी असे. कुणाचं लग्न असे, कुणाची नोकरी जात असे, आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटे. चौदा वर्षं तेच ऐकून त्यांचा कान बोथट झाला होता. शिवाय ते त्या दिवशी चिडले नव्हते, ओरडले नव्हते. आपण सबुरीने वागतो आहोत असंच त्यांना वाटत होतं. त्यांनी डावीकडची ती तीन नाणी बोटाने दाखवली, नियम समजावून सांगितला आणि वर उपायही सुचवला.

"बाजारपेठेत सोनार आहे. पळत गेलीस तर अर्ध्या तासात परत येशील. हा त्याला दे आणि चांगला रुपया घेऊन ये. मी तिकीट काढून ठेवतो."

त्यांनी खरोखरच तिकीट काढलं, त्यावर तारखेचा शिक्का मारला आणि ते शाईच्या दौतीखाली दाबून ठेवलं. राही रुपया मुठीत धरून चढाच्या वाटेने पळाली. बाबल्या दोन रुपये घेऊन खिडकीच्या बाजूला उकिडवा बसला.

मास्तरांच्या पाठीमागे खुंटीला त्यांचा कोट होता. त्या कोटाच्या खिशात त्यांचा स्वतःचा दीड रुपया होता. पावसाळ्याची मीठ-मिरची भरून ठेवायला यमुनाबाईंनी सकाळीच काढून दिलेला. तो आहे हे त्यांना ठाऊक होतं. पुढच्या उतारूचे पैसे मोजताना, आणि त्याच्या पुढच्याचे मोजताना, तो दीड रुपया त्यांना पाठीमागे जाणवत होता. पण आज एकाला दिला तर उद्या दहा जण कड्या लावलेले रुपये घेऊन येतील, हाही विचार होता. आणि मुख्य म्हणजे ती येईलच की. सोनार काही लांब नाही.

बोटीचा भोंगा वेळेआधी वाजला. समुद्र वाढत होता आणि कप्तानाला थांबायचं नव्हतं. शेवटच्या पडावाचा तांडेल मुसा, मिरकरवाड्याचा, गुडघाभर पाण्यातून खिडकीशी आला.

"मास्तर, हा शेवटचा. किती राहिलेत?"

"एक आहे. येतेच आहे ती."

मुसा थांबला. बंदरावर त्याला कुणी फारसं सोशिक म्हणत नसे, पण तो थांबला. दोनदा पाण्याकडे बघितलं, एकदा वाटेकडे. मग म्हणाला, "आता लाट सांभाळायची नाय. पन्नास माणसं हायत आत."

बाबल्या उठून उभा राहिला. "मास्तर, तिकीट द्या. ती आली की मी रुपया देतो तुमाला. मी हितंच बसतो. मना धरून ठेवा."

"तिकीट तुला देऊन काय उपयोग? ती कुठे आहे?" मास्तर म्हणाले. हे बरोबरच होतं. ती तिथे नव्हती, कारण त्यांनी तिला पाठवलं होतं.

पडाव सुटला. तो दुसऱ्या लाटेपलीकडे गेला तेव्हा राही उतारावरून येताना दिसली. पहिल्या सोनाराकडे लग्नघर होतं, दुकान बंद. दुसरा जेवायला बसला होता, त्याचं जेवण होईपर्यंत ती ओट्यावर उभी राहिली. ती तशीच वाळूतून पाण्यापर्यंत गेली, कमरेइतक्या पाण्यात शिरली आणि हात वर करून उभी राहिली. मुसाने बघितलं असावं. पण मागे वळवता येण्यासारखं पाणी नव्हतं.

ती परत खिडकीशी आली तेव्हा तिच्या लुगड्यातून पाणी गळत होतं. तिने रुपया फळीवर ठेवला.

"कडी काढली, मास्तर," ती म्हणाली.

मास्तरांनी वाकून रुपयाकडे बघितलं. दुसरा रुपया आणायचा होता, हे तिला कळलंच नव्हतं. दोष कडीचा आहे, कडी काढली की रुपया चांगला झाला, अशी तिची समजूत. सोनाराने कडी कापून मजुरीत ठेवून घेतली होती आणि कानशीने घासून तोच रुपया तिला परत दिला होता. आता त्याची कड अर्धचंद्रासारखी खाल्लेली होती आणि डागाचा काळा ठिपका राणीच्या मुकुटापर्यंत आला होता. हा रुपया तिने वेळेत आणला असता तरी त्यांनी नाकारला असता. तिला सांगताना आपण दोन वाक्यं जास्त बोलायला हवी होती. किंवा बोलायलाच नको होतं, कोटात हात घालायला हवा होता.

"बोट गेली, बाई," एवढंच त्यांना म्हणता आलं.

तिने रुपया उचलला आणि सवयीने गळ्याशी नेला. पण कडी नव्हती, तो पोतीत अडकेना. थोडा वेळ ती तो तसाच छातीशी धरून उभी राहिली. मग तिने तो पदराला बांधला आणि सासऱ्याच्या मागोमाग भाट्याच्या दिशेने चालू लागली. दोघांपैकी कुणी एक शब्द वाईट बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं, असं मास्तरांना पुढे फार वेळा वाटलं.

त्या दिवशी त्यांनी घरी मीठ-मिरची नेली नाही. दीड रुपया यमुनाबाईंपुढे ठेवला आणि पाटावरून न जेवता उठले. यमुनाबाईंना वाटलं, पुन्हा खोटं नाणं आलं. त्यांनी विचारलं तेव्हा मास्तर म्हणाले, "नाही. चांगलं होतं." बाकीचं त्यांनी आठ दिवसांनी सांगितलं. यमुनाबाईंनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मीठ मी उसनं आणलं नसतं का?"

तो पावसाळा मास्तरांना सरता सरेना. खिडकी बंद, हाफिसात कागद लिहीत बसायचं, वर कौलं गळताहेत. पावसकडचं कुणी बाजारात दिसलं की ते जवळ जाऊन वाडीचं नाव काढत. पण वाड्या पुष्कळ, आणि शिवा नावाची माणसंही पुष्कळ. आषाढात एकदा ते भाट्यापर्यंत गेलेही. खाडी फुगलेली होती, तरीची ये-जा बंद होती. ते छत्री धरून काठावर थोडा वेळ उभे राहिले आणि परत आले. मनातून त्यांना ती बंद असल्याचं बरंच वाटलं.

गणपती झाले आणि पहिली बोट लागली. खिडकी उघडली. त्याच गर्दीत, त्याच धक्काबुक्कीत एक हात पुढे आला, आणि मास्तरांच्या तळहातावर तीन रुपये नीट एकावर एक ठेवले गेले. धुतलेले होते. सर्वांत वरच्या रुपयाची कड खाल्लेली होती.

मास्तरांनी वर बघितलं. राहीच्या गळ्यात काही नव्हतं. कपाळही मोकळं होतं.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"नारळी पुनवेच्या आदल्या दिशी."

म्हणजे सबंध जून, सबंध जुलै आणि ऑगस्टचे तीन आठवडे. मास्तरांचं आयुष्य हिशेबात गेलेलं, तो हिशेब मनात आपोआप झाला. तिला पावणेतीन महिने मिळाले असते.

"जवळ कोण होतं?"

"गाववाले व्हते खोलीतले. सारका इचारी म्हनं, बोट आली काय. ते सांगत, पावसात बोट नसती रे." ती हे अगदी साध्या आवाजात सांगत होती. "सामान हाय तेचं. येक टरंक. ती आनाया जातंय."

मागचा माणूस ढकलत होता. मास्तरांनी तिकीट काढून तिच्या हातात दिलं. तो रुपया त्यांनी आपल्या खिशात घातला आणि खिशातला आपला रुपया कंपनीच्या पेटीत टाकला. इतकं सोपं काम होतं. एका खिशातून काढायचं, दुसरीकडे टाकायचं. श्वास घ्यायलाही जास्त वेळ लागतो.

पुढे दहा वर्षं मास्तर त्याच खिडकीत बसले. ते फार बदलले असं नाही. वरून टाकलेला पैसा त्यांना शेवटपर्यंत खपला नाही, आणि चुन्याने माखलेल्या नोटा बघून ते तसेच कातावत. पण फळीच्या कडेला त्यांनी आपला एक सुटा रुपया ठेवायला सुरुवात केली, आणि कुणाला दोन आणे, चार आणे कमी पडले की ते त्यातून घालत. काही जण परत आणून देत, काही जण देत नसत. त्याची टाचणवही मास्तरांनी ठेवली नाही. ती कडी लावलेली तीन नाणी त्यांनी एके दिवशी पक्कडीने उपटून काढली. हमाल म्हणत, मास्तर वयाबरोबर निवळले. मास्तर ते ऐकून घेत, पण त्यांना त्यात काही समाधान वाटत नसे. रोज नव्या माणसाला चार आणे दिले तरी ती एक बोट काही परत फिरत नव्हती.

खाल्लेल्या कडेचा रुपया त्यांच्या कपाटात होता. तो परत द्यायला जायचं हे त्यांनी दरवर्षी ठरवलं आणि दरवर्षी काही ना काही निघालं. १९३६ साली नोकरी संपली, तेव्हा मात्र कारणं संपली. वैशाखात एक दिवस यमुनाबाईंनीच दशमी बांधून दिली आणि म्हणाल्या, "जाऊन या एकदा. नाहीतर तुमचं काही खरं नाही."

तरीतून उतरून, पावसच्या वाटेला लागून, विचारत विचारत ते दुपारी वाडीवर पोचले. बाबल्या केव्हाच गेला होता. राही अंगणात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडत बसली होती. सालं एका बाजूला उन्हात पसरलेली, बिया दुसऱ्या बाजूला टोपलीत, आणि तिचे हात कोपरापर्यंत लाल. तिने त्यांना लगेच ओळखलं. पाणी दिलं, बसायला घोंगडी टाकली. बंदराचा मास्तर आपल्या दारी कशाला आला असेल याचं नवल तिच्या तोंडावर होतं.

मास्तरांनी रुपया काढला. "हा तुझा. परत द्यायचा राहिला होता."

"हात बरबटलेत माजे. तितं दगडावर ठेवा."

"नको. हातात घे."

तिने लुगड्याला हात पुसले आणि रुपया घेतला. पालथा केला, उलटा केला. तिचा अंगठा कडेवरच्या खाचेशी आपोआप जाऊन थांबला. बराच वेळ तो तिथेच फिरत राहिला.

"ह्यो तर मी तिकिटाला दिलेला," ती म्हणाली. "तुमच्याकडं कसा?"

"कंपनीला चालला नसता. मी माझा घातला पेटीत."

तिने रुपया मुठीत घेतला. मग हळूहळू, जणू मोठा हिशेब मांडत असल्यासारखी बोलू लागली. "मी धा वर्सं मनाशी म्हनतंय, चूक माजीच. तो म्हनत व्हता, खर्चाला ऱ्हाऊ दे रुपया. मीच हट केला, गळ्यात घालीन म्हनून. कडी मीच लावून घेतली. ती नसती लावली तर बोट मिळाली असती. सासऱ्याला पन मी तसंच सांगितलं. ते मरेपरत मना समजावीत व्हते."

मास्तरांनी मान खाली घातली. ते जे सांगायला आले होते ते आता सांगितलंच पाहिजे होतं. "माझ्या कोटात त्या दिवशी दीड रुपया होता," ते म्हणाले.

राहीने त्यांच्याकडे बघितलं.

"म्हंजे तवा पन घालता आला असता," ती म्हणाली.

"हो."

वाडीत कुठेतरी कोंबडी ओरडत होती. मास्तरांना वाटलं होतं, एवढं बोललं की मनावरचं उतरेल. ते उतरलं नाही. उलट आपण काय केलं हे त्यांना त्या अंगणात बसल्या बसल्या कळलं. दहा वर्षं तिने स्वतःला दोष देऊन कशीबशी मनाची समजूत घातली होती. ती समजूतही आपण आज येऊन काढून घेतली, आणि तिच्या जागी द्यायला आपल्याजवळ हा एक न चालणारा रुपया होता. 

राहीने रुपया दगडावर ठेवला. मग पुन्हा पाटीतला रातांबा उचलला, फोडला, बिया टोपलीत टाकल्या, साल उन्हात लावली. दुसरा घेतला. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"ऊन उतरायच्या आत निगा," ती शेवटी म्हणाली. "तर मिळायची नाय नायतर."

जिची बोट त्यांनी चुकवली, तिने त्यांची खाडीवरची तर चुकू दिली नाही. मास्तर उठले, हात जोडले आणि वाटेला लागले.

भाट्याच्या काठावर परतीची तर भरत होती. मास्तरांच्या पुढे एक बाई डोक्यावर फणसाचं ओझं घेऊन चढली. तरीवाल्याने पैशासाठी हात पुढे केला तशी तिने पदराचं टोक चाचपलं, मग कनवट चाचपली, आणि ओशाळून म्हणाली की पैसे घरीच राहिले वाटतं.

"उद्या दे," तरीवाला म्हणाला, आणि त्याने तिचं ओझं उतरवायला हात लावला.

मास्तरांनी आपला पैसा पुढे केला. तरीवाल्याने तो न बघताच कनवटीला खोचला आणि वल्ह्याकडे वळला. पलीकडचा काठ येईपर्यंत मास्तर आपल्या रिकाम्या हाताकडे बघत बसले होते.